सीना-भीमेच्या बेचक्यातून: सोलापूरहून दुचाकीवर एक दिवस

सोलापूरच्या आसपास गाडी फिरवण्यासारखं काही नाही, घाट नाही, झाडी नाही, असं सर्रास म्हटलं जातं. ते खरं नाही. शहराच्या दक्षिणेला सीना आणि भीमा एकमेकींकडे सरकत जातात आणि हत्तरसंग कुडलला मिळतात. त्यांच्या बेचक्यातलं काळं रान, दोन्ही अंगांनी ज्वारी आणि मधून एक अरुंद डांबरी रस्ता. चाळीसच्या वेगाने जावं असाच हा मुलूख आहे.

वाट अशी: सोलापूर, वडकबाळ, टाकळी, बरूर, हत्तरसंग कुडल, परत विजापूर रस्त्याने तेरामैल, तिथून मंद्रूप, कामती, बेगमपूर, माचणूर, आणि कामती-तिऱ्हेमार्गे घरी. साधारण दीडशे किलोमीटर होतात. शंभर-सव्वाशे सीसीची रोजची गाडी पुरते. टाकी सोलापुरातच भरून घ्या, म्हणजे आतल्या रस्त्यावर पंप शोधायची वेळ येत नाही.

नोव्हेंबर अखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. ज्वारी उभी असते आणि डिसेंबर-जानेवारीत हुरडा असतो. रानात आगटी पेटलेली दिसली तर थांबून विचारा. कोवळं कणीस गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, गरम असतानाच तळहातावर चोळतात, कोंडा फुंकून उडवतात आणि हिरवे दाणे शेंगाचटणीबरोबर हातावर ठेवतात. एप्रिल-मे मात्र टाळाच. पारा चाळिशीच्या वर जातो आणि सावलीला एखादं बाभळीचं झाड मिळालं तर मिळालं.

पहाटे सहाला निघा. विजापूर रस्ता मोठा आणि वाहता आहे, तो पटकन संपवायचा. वडकबाळला सीनेवरचा पूल लागतो. टाकळीला महामार्ग सोडून डावीकडे बरूरच्या रस्त्याला लागा. इथून तोंड पूर्वेला होतं आणि कोवळं ऊन थेट डोळ्यांवर येतं. हेल्मेटची काच आधीच ओल्या फडक्याने पुसून ठेवा. ओरखडे पडलेल्या काचेतून समोरची बैलगाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

कुडलला घाई करू नका. कानडीत कूडल म्हणजे संगम, आणि या भागात कानडी तितकीच कानावर पडते. संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. ‘वाछि तो विजेया होईवा’, वाचेल तो विजयी होईल, असं त्यात कोरलंय. समोरून बॅटरी मारली तर अक्षरं सपाट होऊन जातात. उजेड बाजूने, दगडाला घासून जाईल असा तिरपा धरा, म्हणजे खोदलेल्या रेघेत सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. शेजारी ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. ते बघून घाटावर बसा आणि दोन नद्यांचं पाणी एक होताना बघा.

आता गाडीबद्दल, कारण या वाटेवर खोळंबा होतो तो ठरलेल्या दोन-तीन कारणांनीच.

पहिलं कारण वेड्या बाभळीचा काटा. काटेरी फांद्या बांधावर टाकतात आणि त्या रस्त्याच्या कडेला येतात. गाडी बाजूला घेताना डांबर सोडू नका. ट्यूबलेस टायरमध्ये काटा दिसला की लगेच उपसू नये, कारण भोक त्यानेच बुजवून धरलेलं असतं. हवा टिकत असेल तर पुढच्या गावापर्यंत हळू जा. ट्यूबचा टायर असेल तर पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोटं हलकेच फिरवा. काट्याचं मोडलेलं टोक रबरात तसंच राहतं आणि दहा किलोमीटरवर नवी ट्यूबही फुटते. एकच गाडी दोनदा पंक्चर होते ती बहुधा यामुळे. एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, हातपंप आणि मागच्या चाकाच्या नटाचा पाना एवढं सोबत हवंच. हवाही कमी ठेवू नका, नाहीतर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमला चिमटते.

दुसरं कारण काळी माती. वाळलेली असताना ती काही करत नाही. एक सर पडली की टायरला थरावर थर चिकटतात, मडगार्ड आतून भरतं आणि पुढचं चाक जाम होतं. अशा वेळी एक्सलेटर पिळून क्लच जाळण्यात अर्थ नाही. काडीने माती खरवडा. तरी जमत नसेल तर पुढचं मडगार्ड काढून मागे बांधा. बऱ्याच गाड्यांना त्यासाठी १० नंबरचा पाना चालतो. खरं शहाणपण म्हणजे पाऊस झाल्यावर दोन दिवस कच्च्या रस्त्याला जायचंच नाही.

तिसरं कारण ऊस. गाळप हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर दिवसरात्र चालतात. त्यांच्या मागे लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर असेलच असं धरून चालू नका. रस्त्यावर सांडलेली उसाची कांडी चाकाखाली लाटण्यासारखी फिरते, तेव्हा तिच्यावर ब्रेक दाबू नये. हँडल सरळ ठेवून वरून जाऊ द्यावं. मळणीच्या दिवसांत रस्त्यावर कणसं पसरलेली असतात आणि कडेला दगड मांडलेले असतात. त्या कडबा-कणसांवरही हेच लागू.

मोबाइलचा नकाशा कधीकधी जवळची वाट म्हणून कोल्हापुरी बंधाऱ्यावरून नेतो. हे बंधारे अरुंद असतात, बऱ्याच ठिकाणी कठडे नसतात आणि उजनीतून पाणी सोडलं की वरून पाणी वाहतं. पाणी घोट्यापर्यंत दिसलं तरी शेवाळावर चाक सरकतं. तिथून मागे फिरा. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला मोठा पूर आला होता. पावसाळ्याच्या शेवटी निघणार असाल तर वडकबाळ आणि तिऱ्हे दोन्हीकडच्या पाण्याची चौकशी करूनच निघा.

डब्याला कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा आणि घट्ट दही घ्या. कडक भाकरी दिवसभर बॅगेत राहिली तरी बिघडत नाही. फक्त ती वर ठेवा, पाना-पंपाखाली गेली की चुरा होतो. पाणी माणशी तीन लिटर.

मंद्रूप-कामतीचा टप्पा लवकर उरकतो. कामतीला डावीकडे वळलं की बेगमपूर, आणि भीमा ओलांडली की माचणूर. १६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाची छावणी इथेच होती. किल्ल्याची तटबंदी नदीला लागून आहे, पण जास्त वेळ द्यावा तो सिद्धेश्वराच्या देवळाला आणि नदीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांना. चारच्या सुमारास पोहोचलात तर दगड तापलेला असतो आणि नदीवरून वारा सुटलेला असतो.

साडेपाचला तिथून उठा. परतताना ऊन पाठीवर येतं, समोरचा रस्ता स्वच्छ दिसतो आणि अंधार पडायच्या आत तिऱ्ह्याचा पूल मागे पडतो. घरी पोहोचल्यावर चेन गरम असतानाच फडक्याने पुसून तेल सोडा. धुळीवरच तेल घातलं तर त्याची चिकट पेस्ट होते आणि स्प्रॉकेटचे दात झिजतात.