खाचा शाबूत, तरी टायर निकामी

जालन्यात माझे टायर आणि व्हील अलाइनमेंटचे दुकान आहे. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून नागपूरकडे निघालेली बरीच मंडळी आधी माझ्याकडे थांबून हवा तपासून घेतात. 2024 च्या मे महिन्यात, ऐन दुपारी, अंबडकडचे एक निवृत्त शिक्षक सहकुटुंब आले. गाडी जुनी असली तरी नीट राखलेली होती, आणि हवा पाहण्यापलीकडे त्यांचे काही काम नव्हते.

टायर वरवर उत्तम दिसत होते. मोटारीच्या टायरची खाच 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी खोल असू नये असा नियम आहे. इथे गेज 5 च्या आसपास दाखवत होता. तरीही कडेची भिंत मला खटकली, कारण रबराचा काळेपणा जाऊन ते राखाडी पडले होते. तिथे कोरलेल्या आकड्यांतले शेवटचे चार 1416 होते, म्हणजे टायर 2016 च्या चौदाव्या आठवड्यात तयार झालेला.

"सर, टायर घासलेले नाहीत, पण त्यांचे वय झाले आहे," मी म्हणालो.

"अहो, गाडी वर्षभर अंगणातच उभी असते. न चालता टायर कसा खराब होईल?"

प्रश्न रास्त होता. झीज चालण्याने होते. रबर मात्र ऊन, हवा आणि ओझोन यांनीही कडक होत जाते, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीला हे सगळे भरपूर मिळते. म्हणूनच पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावा आणि खाचा कितीही शिल्लक असल्या तरी दहा वर्षांपुढे तो वापरू नये, असे टायर कंपन्या सांगतात. काही मोटार कंपन्या तर सहा वर्षांचीच मर्यादा घालतात. आठ वर्षांचा प्रत्येक टायर टाकाऊच असतो असे मी म्हणणार नाही, पण हा टायर पाहायलाच हवा होता.

गाडी जॅकवर घेतली. खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक चिरा होत्या, त्या सरांनी स्वतः नख फिरवून पाहिल्या. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला, उभ्या गाडीत कधीच दिसली नसती अशा जागी, लिंबाएवढा फुगा आला होता. खड्ड्याच्या किंवा दगडाच्या दणक्याने भिंतीतले धागे तुटले की हवेचा सगळा दाब तिथे नुसत्या रबरावर येतो आणि ते बाहेर फुगते. याला पंक्चरसारखे ठिगळ लावता येत नाही. समृद्धीवर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. मे महिन्यातल्या तापलेल्या काँक्रीटवर त्या वेगाने सलग धावताना टायर किती तापतो हे ज्याला ठाऊक आहे, तो असा फुगा पाहून गाडी पुढे जाऊ देणार नाही. मी सरांना तसे स्पष्ट सांगितले.

सरांनी खर्चाचा हिशेब मांडला आणि दोनच टायर बदलून चालेल का, असे विचारले. फुगा एकाच टायरला असला तरी चिरा चारहींना होत्या, त्यामुळे मी नकार दिला. स्टेपनीही त्याच साली बनलेली होती. रस्त्याला न लागल्यामुळे ती नवी दिसत होती, एवढेच. बाई इतका वेळ शांतपणे ऐकत होत्या. "नातवंडांना घेऊन परत यायचे आहे. पाचही बदला," त्या म्हणाल्या, आणि विषय संपला.

काम उरकेपर्यंत जुने टायर विकत घेणारा एक जण येऊन थांबला. असे टायर काळा रंग मारून पुन्हा कोणाच्या तरी गाडीला बसवले जातात, हे मी पाहिलेले आहे, आणि चांगल्या खाचांचा टायर तर लगेच खपतो. म्हणून मी त्याच्यादेखत पाचही टायरांच्या भिंती कापल्या. फुग्याची जागा कापताच आतले तुटलेले धागे बाहेर आले. सरांनी त्यांचा फोटो काढून नागपूरच्या मुलाला पाठवला आणि त्याच्या गाडीच्या टायरवरचे शेवटचे चार आकडे कळवायला सांगितले.