पोराचा ताबा मागताय ना, मग पोराबद्दलचे पुरावे आणा

जळगाव-भुसावळकडचे पक्षकार ताब्याच्या केससाठी येतात तेव्हा आधी मोबाईल पुढे करतात. भांडणाचे स्क्रीनशॉट, सासूच्या आरडाओरड्याचं रेकॉर्डिंग, बायको फोनवर कोणाशी किती वेळ बोलली ते, सगळं असतं, फक्त पोरगं त्यात कुठेच नसतं. फार वाईट वाटतं मला.

१८९० चा गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्ट (मुलांच्या पालकत्वाचा कायदा) घ्या नाहीतर हिंदूंसाठीचा १९५६ चा कायदा, कोर्ट बघतं ते पोराचं हित. पाच वर्षांच्या आतलं लेकरू साधारणपणे आईकडे, पण तेही साधारणपणेच. नवरा म्हणून माणूस नालायक निघाला म्हणून तो बाप म्हणूनही तसाच असेल असं कोर्ट धरून चालत नाही. हां, मारहाण होत असेल आणि पोरगं ते बघत असेल तर गोष्ट वेगळी, ते पोराचंच नुकसान आहे आणि ते सांगायलाच पाहिजे.

एका केसमध्ये बापाचं म्हणणं होतं की आई लक्षच देत नाही. मी शाळेची डायरी मागवली. पानापानावर आईची सही, "तापामुळे गैरहजर" याच्या खाली तिच्याच अक्षरात औषध कधी द्यायचं ते, बाईंसाठी लिहिलेलं. बापाची सही एकाच पानावर, सहलीच्या पैशांची. अशी डायरी, लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याचे कागद हेच आधी शोधा, भांडण सुरू व्हायच्या आधीचे असतील तर फारच चांगलं, कारण ते कोणी केससाठी बनवलेले नसतात.

आणि घरात "माले नही जावानं" (मला नाही जायचं) म्हणणारं सहा वर्षांचं पोर अचानक "वडील माझा मानसिक छळ करतात" असं बोलायला लागलं की वाक्य कोणाचं ते कळतंच. पण शब्द पढवलेले आहेत म्हणून त्रास खोटा असंही नसतं, तो वेगळा तपासावा लागतो. आई किंवा बाप पोराला फितवतो असा शिक्का घाईत मारू नका हे सुप्रीम कोर्टानंही २०२४ मध्ये सांगितलंय.

म्हणून पोराला मोबाईलसमोर उभं करून व्हिडिओ काढू नका प्लीज. जज चेंबरमध्ये त्याच्याशी बोलू शकतात, समुपदेशकाची मदत घेऊ शकतात. तोवर ठरलेल्या दिवशी भेटायला वेळेवर पोचा. केळीला पाणी द्यायचं होतं, बस चुकली, समजतं मला, पण आधी कळवा, चुकलेली प्रत्येक भेट समोरचा वकील लिहून ठेवतो आणि पोरगं तर दारात उभंच असतं.