तुम्ही विचारलंत म्हणून: सामुराईची तलवार आणि त्याचा तांदूळ

मी जपानचा इतिहास वाचतो हे कळले की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: शोगुनशाहीच्या, म्हणजे शोगुन या लष्करी सत्ताधीशांच्या राजवटीच्या, अखेरच्या काळात सामुराई दिवसभर करीत तरी काय असे? विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उपसलेली तलवार असते. मला मात्र आधी तांदूळ आठवतो.

सामुराईचे वेतन कोकू या मापात ठरे. एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर तांदूळ, एका माणसाच्या वर्षभराच्या पोटापुरता. शोगुनच्या पदरचे कनिष्ठ सामुराई हा तांदूळ एदो (आजचे टोकियो) शहरातील असाकुसाच्या सरकारी कोठारांतून वर्षाला तीन हप्त्यांनी घेत. घरापुरता ठेवून उरलेला विकून देण्याचे काम फुदासाशी नावाचे अडते करीत, आणि पुढच्या हप्त्याच्या तारणावर कर्जही तेच देत. दोन शतकांहून अधिक काळ मोठे युद्ध झालेले नव्हते, पदे थोडी आणि उमेदवार फार होते, आणि वेतन पिढ्यान्‌पिढ्या तेच राहिले असताना खर्च मात्र वाढत गेला. म्हणून कमरेला दोन तलवारी लावण्याचा मान असलेली माणसे घरी बसून छत्र्या बनवीत, विकण्यासाठी फुलझाडे वाढवीत.

या सगळ्याचा अर्थ मला कात्सू काइश्यू या शोगुनच्या पदरच्या सामुराईच्या आयुष्यात सर्वांत स्पष्ट दिसतो. तो १८२३ मध्ये एदोत जन्मला. घराण्याचे वेतन अवघे ४१ कोकू होते आणि वडिलांना आयुष्यभर पद असे मिळालेच नाही. तरुणपणी तलवारबाजीत निपुण झालेला हा माणूस नंतर डच भाषेकडे वळला, कारण पाश्चात्त्यांच्या तोफा आणि जहाजे समजून घेण्याचा मार्ग त्या वेळी त्याच भाषेतून जात होता. डच-जपानी शब्दकोश विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळे त्याने तो वर्षाला दहा र्‍यो (सोन्याची नाणी) भाड्याने आणला आणि १८४७ ते १८४८ या काळात संपूर्ण कोशाच्या दोन प्रती हाताने उतरवल्या. एक स्वतःसाठी ठेवली, दुसरी विकून भाडे भागवले. प्रतीच्या शेवटी त्याने लिहून ठेवले आहे की उन्हाळ्यात मच्छरदाणी नव्हती, हिवाळ्यात पांघरूण नव्हते, आणि घरातील लाकूड फोडून चूल पेटवावी लागली. त्या काळातील कोणत्याही लढाईच्या वर्णनापेक्षा ही नोंद मला अधिक हलवते.

१८५३ मध्ये अमेरिकेचा नौदल अधिकारी पेरी युद्धनौका घेऊन एदोजवळच्या उरागाला आला, तेव्हा याच विद्येला एकाएकी भाव आला. सागरी संरक्षणावर कात्सूने पाठवलेले निवेदन वरिष्ठांच्या नजरेत भरले, नागासाकीच्या नौदल प्रशिक्षणासाठी त्याची निवड झाली आणि १८६० मध्ये ‘कानरिन मारू’ या जहाजाचा कप्तान म्हणून तो सान फ्रान्सिस्कोला पोहोचला. बहुतेक सामुराईंच्या वाट्याला असे काही आले नाही. बंदरे उघडल्यावर सोने बाहेर गेले, नाणी बदलावी लागली आणि महागाई भडकली, ती मोजक्या वेतनावर जगणाऱ्यांना सोसावी लागली. कित्येक तरुण परकीयांना हुसकावण्याच्या ईर्ष्येने घर सोडून सम्राटाच्या क्योतो नगरीला गेले. त्यांच्या तलवारी खरोखर उपसल्या गेल्या आणि माणसे मारली गेली. मी ते नाकारीत नाही, पण तेवढ्यालाच त्या पिढीचे जीवन समजणे मला अन्यायाचे वाटते.

स्वतः कात्सूने वृद्धपणी सांगितले की आपण तलवार म्यानाला इतकी घट्ट बांधून ठेवत होतो की ती सहजी उपसता येऊ नये. त्याच्यावर हल्ले झाले, तरी त्याने कोणाला मारले नाही. १८६८ मध्ये शोगुनशाहीविरुद्ध उभे राहिलेले सम्राटाचे सैन्य एदोवर चालून आले, तेव्हा त्याने त्या सैन्याचा सेनानी साइगो ताकामोरी याच्याशी बोलणी केली आणि एदोचा किल्ला लढाईविना सोपवला गेला. त्यामुळे सुमारे दहा लाख वस्तीचे शहर आगीतून वाचले.

त्यानंतर तोकुगावा या शोगुनच्या घराण्याकडे सुरुगा भागातील सात लाख कोकू उत्पन्नाचा मुलूख तेवढा उरला आणि हजारो सामुराई कुटुंबे धन्यामागून तेथे गेली. इतक्यांना पोसणे अशक्य होते. म्हणून १८६९ मध्ये शोगुनच्या अंगरक्षकांपैकी काहींनी माकिनोहाराच्या पडीक पठारावर कुदळी हाती घेतल्या आणि चहाची लागवड सुरू केली. त्या पठारावर आजही चहा पिकतो.