कोरड्या डोळ्यांसाठी डेली लेन्स निवडताना: माझा अनुभव

महिनाभर वापरायच्या लेन्स मी बरीच वर्षं घालत आले. सकाळी काही जाणवायचं नाही. दुपार उलटली की डोळ्यांत रखरख सुरू व्हायची, आणि संध्याकाळपर्यंत डोळे लाल होऊन उघडझाप करतानाही पापणी लेन्सवर अडकतेय असं वाटायचं. नंबर मोठा असल्यामुळे चष्म्याच्या काचा जाड आणि कडेचं सगळं वाकडंतिकडं दिसणारं, त्यामुळे लेन्स सोडायच्या नव्हत्या. म्हणून रोज नवी घालायची आणि रात्री टाकून द्यायची, अशा डेली डिस्पोजेबल लेन्सकडे वळायचं ठरवलं. कुठली घ्यायची हा प्रश्न मात्र वाटला होता त्यापेक्षा बराच खोल निघाला.

ऑप्टोमेट्रिस्ट (डोळे तपासून नंबर आणि लेन्स ठरवून देणाऱ्या) मॅडमनी लेन्सचं नावही काढलं नाही. आधी प्रश्न: स्क्रीनसमोर किती वेळ बसता, पंखा किंवा एसीचा झोत थेट तोंडावर येतो का, ॲलर्जीच्या गोळ्या चालू आहेत का? (सर्दी-ॲलर्जीच्या बऱ्याच गोळ्यांनी अश्रू कमी होतात, हे मला तेव्हा कळलं.) मग त्यांनी फ्लुरोसीनची केशरी कागदी पट्टी ओली करून खालच्या पापणीला टेकवली, निळा दिवा लावला आणि डोळे उघडे ठेवायला सांगून सेकंद मोजायला लागल्या. या रंगामुळे डोळ्यावरचा अश्रूंचा थर हिरवट चमकतो, आणि तो जिथे फाटतो तिथे काळे डाग दिसतात. 10 सेकंदांच्या आत थर फाटला तर तो कमजोर समजतात. माझा त्याच्या कितीतरी आधीच फाटला. दुसऱ्या तपासणीत कागदाची अरुंद पट्टी पापणीत अडकवून 5 मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि ती किती मिलिमीटर भिजते ते बघायचं. ती मात्र छान भिजली होती.

म्हणजे माझ्या डोळ्यांत अश्रू कमी नव्हते, ते टिकत नव्हते. कारण पापणीच्या कडेला सापडलं. तिथे मायबोमियन नावाच्या बारीक तेलग्रंथी असतात. त्यांचं तेल अश्रूंवर पातळ थर धरतं आणि पाणी उडून जाऊ देत नाही. मॅडमनी पापणीची कड हलकेच दाबली आणि स्क्रीनवर मोठं करून दाखवलं: जिथून पातळ, स्वच्छ थेंब यायला हवा तिथून टूथपेस्टसारखा घट्ट पांढरा पदार्थ येत होता. इतकी वर्षं मी लेन्सला दोष देत होते, आणि निम्मं कारण पापणीच्या कडेवर बसलेलं होतं. कोरड्या डोळ्यांची तक्रार असणाऱ्या प्रत्येकाने लेन्सचा विचार करण्याआधी ही तपासणी करून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. अश्रू कमी पडणं वेगळं आणि उडून जाणं वेगळं, आणि दोन्हींचे उपायही वेगळे.

त्यांनी वरची पापणीही उलटून बघितली. आतल्या बाजूला बारीक पुटकुळ्या होत्या. महिनाभराच्या लेन्सवर अश्रूंमधली प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ साठत जातात, लेन्स रोज ज्यात धुऊन भिजवतात त्या सोल्युशनमधलं प्रिझर्व्हेटिव्हही (टिकवण्यासाठी घातलेलं रसायन) लेन्समध्ये मुरतं, आणि त्यावर घासून घासून पापणी चिडते. लेन्स रोज नवी असली की साठायला वेळच मिळत नाही आणि सोल्युशनही लागत नाही. नाजूक डोळ्यांसाठी डेलीची शिफारस होते ती मुख्यतः यासाठी. काहींचा नंबर डेलीमध्ये मिळत नाही, विशेषतः सिलिंडरचा (तिरक्या) नंबर जास्त असेल तर. अशांना हायड्रोजन पेरॉक्साइडचं सोल्युशन सुचवतात, त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नसतं. पण लेन्स त्याच्याच खास डबीत साधारण 6 तास ठेवून ते निष्प्रभ होऊ द्यावं लागतं. त्याआधी लेन्स डोळ्यात गेली तर डोळा जबरदस्त भाजतो.

ट्रायल लेन्स लगेच मिळाल्या नाहीत. आधी काही आठवडे रोज 10 मिनिटं पापण्यांना गरम शेक, मग बोटाने हलका मसाज आणि पापणीची कड स्वच्छ करणं. तोवर चष्मा. कंटाळवाणं काम आहे, पण फरक पडला, आणि चिडलेल्या डोळ्यावर लेन्स तपासण्यात अर्थ नाही हे मॅडमचं म्हणणं मला पटलं.

मग आला साहित्याचा भाग. मला यात सगळ्यात जास्त रस वाटला. कोरड्या डोळ्याला जास्त पाण्याची लेन्स बरी, हा सरळ हिशोब वाटतो. पण साध्या हायड्रोजेलची (पाणी शोषून मऊ राहणाऱ्या प्लास्टिकची) जास्त पाण्याची लेन्स दिवसभरात सुकत जाते आणि पाण्याची भरपाई अश्रूंमधून करायला लागते. ज्याचे अश्रू आधीच टिकत नाहीत त्याला ही लेन्स संध्याकाळी जास्त छळू शकते. पहिल्या मऊ लेन्सच्या हेमा या पदार्थात 38 टक्के पाणी असतं. चेकोस्लोव्हाकियातले रसायनशास्त्रज्ञ ओटो विश्टर्ले यांनी 1961 मध्ये मुलांच्या मेर्कुर या खेळण्याच्या भागांतून घरीच यंत्र जुळवून त्या लेन्स बनवल्या होत्या. हे वाचल्यापासून बोटावरच्या त्या इवल्याशा वाटीकडे मी जरा आदराने बघते. 1999 च्या सुमारास सिलिकॉन हायड्रोजेल बाजारात आलं. त्यातून ऑक्सिजन पाण्याच्या वाटेवर अवलंबून न राहता सिलिकॉनमधून जातो, त्यामुळे पाणी कमी असूनही बुबुळाला हवा पुरते. अडचण अशी की सिलिकॉन मुळात पाणी धरत नाही आणि थोडं कडकही असतं. म्हणून पृष्ठभाग ओला ठेवण्याच्या वेगवेगळ्या युक्त्या आल्या. डेलेफिल्कॉन ए या पदार्थात गाभ्यात 33 टक्के पाणी आणि अगदी बाहेरच्या थरात 80 टक्क्यांहून जास्त. ओमाफिल्कॉन ए हे सिलिकॉन नसलेलं हायड्रोजेल, पण त्यात पेशींच्या आवरणात असतो तसा फॉस्फोरिलकोलिन हा घटक असल्यामुळे जास्त पाण्याचं असूनही ते पाणी धरून ठेवतं. थोडक्यात, डब्यावरचा पाण्याचा टक्का एकटा काही सांगत नाही. लेन्समधून किती ऑक्सिजन जातो तो आकडाही तसाच. फक्त दिवसा लेन्स घालणाऱ्यासाठी एका मर्यादेपुढे तो वाढल्याने कोरडेपणा कमी होत नाही.

ट्रायलच्या वेळी मॅडमनी एकच सांगितलं: सुट्टीच्या दिवशी घालू नका, कामाच्या दिवशी घाला. मी दोनच वेळा टिपून ठेवायचे. डोळ्यात लेन्स आहे हे पहिल्यांदा कधी जाणवलं, आणि ती काढावीशी कधी वाटली. या नोंदींमुळे निवड खरोखर सोपी झाली, कारण घातल्याबरोबर जवळपास प्रत्येक लेन्स छानच वाटते. एक सिलिकॉन लेन्स कडेला टोचत राहिली, खालच्या पापणीला तिची धार कळायची. एक भरपूर पाण्याची लेन्स सकाळी अक्षरशः जाणवायची नाही, पण संध्याकाळी अक्षरं पुसट व्हायची, उघडझाप केली की स्पष्ट, की पुन्हा पुसट. हा लेन्सचा पृष्ठभाग सुकल्याचा इशारा असतो. शेवटी जमली ती बाहेरून ओला थर असणारी, मऊ कडेची सिलिकॉन लेन्स. दुसऱ्या कुणाला हीच चालेल असं मात्र नाही. माझ्याइतक्याच कोरड्या डोळ्यांच्या एका मैत्रिणीला सिलिकॉन अजिबात सोसत नाही, तिचं साध्या हायड्रोजेलवर उत्तम चाललंय.

फिटिंगबद्दलही सांगायलाच हवं. बेस कर्व्ह, म्हणजे लेन्सच्या आतल्या बाजूचा बाक, 8.5 मिलिमीटर की 9, हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. पण घट्ट बसलेली लेन्स सुरुवातीला फार आरामशीर वाटते, कारण ती हलतच नाही, आणि काही तासांनी बुबुळाभोवती लाली धरते. म्हणून उघडझाप करताना लेन्स किंचित सरकते का, हे स्लिट लॅम्पखाली (डोळे तपासायच्या दिव्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली) बघून घ्यावं लागतं. कंपनी बदलली की फिटिंग पुन्हा तपासायचं, आकडे तेच असले तरी. चष्म्याचा नंबरही जसाच्या तसा चालत नाही. उणे 6 चा चष्मा असेल तर लेन्स साधारण उणे 5.50 ची लागते, कारण ती थेट डोळ्यावर बसते.

आता रोजच्या सवयी. हात क्रीम नसलेल्या साध्या साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे, काजळ वगैरे लेन्स घातल्यानंतर. नळाचं पाणी लेन्सला कधीच लावायचं नाही. त्यातला अकँथअमीबा हा सूक्ष्मजीव बुबुळात शिरला तर दृष्टी जाऊ शकते. ड्रॉप्स घालायचे तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, छोट्या सुट्या कुप्यांमधले, आणि लेन्सवर चालतात असं लिहिलेलेच. ड्रॉप्समधलं बेंझाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह मऊ लेन्समध्ये साठून राहतं. स्क्रीन नजरेच्या थोडी खाली आणली, त्यामुळे डोळे कमी उघडे राहतात. आणि उघडझाप पूर्ण करायची. स्क्रीनकडे बघताना आपण नुसत्याच कमी वेळा नाही, अर्ध्याच पापण्या मिटतो, हे मॅडमनी दाखवेपर्यंत माझ्या ध्यानात नव्हतं. शेकही सुटलेला नाही, तो आता दिनक्रमाचाच भाग झाला आहे.

डेली लेन्स दुसऱ्या दिवशी वापरायची नाही, तासभरच घातली असली तरी, आणि झोपताना डोळ्यात ठेवायची नाही. लाली, दुखणं, उजेड सहन न होणं किंवा दिसणं अंधुक होणं, यातलं काहीही झालं तर लेन्स लगेच काढायची आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. जाताना काढलेली लेन्स टाकून न देता स्वच्छ डबीत घालून सोबत न्यायची. जंतुसंसर्गाचा संशय आला तर डॉक्टरांना तीही तपासता येते.