आठशे डॉलरची पत्र्याची पेटी

गेल्या जूनमध्ये बहिणीकडे कॅनडात हॅलिफॅक्सला गेलो होतो. पहिल्याच संध्याकाळी भाचा हाताला धरून तळघरात घेऊन गेला. तिथे रॅकवर त्याची नवी पेटी होती, फॉर्टीफाइव्ह ड्राइव्ह्ज या कंपनीची एचएल१५. वरून झाकण उघडायचं आणि पंधरा हार्ड डिस्क उभ्या खाचांत सोडायच्या. घरी सर्व्हर ठेवणाऱ्या हौशी लोकांसाठी ही पेटी २०२३ मध्ये आली. तेव्हा मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय सोडून नुसत्या पेटीला आणि तिच्या आतल्या बॅकप्लेनला (डिस्क ज्यात खोचतात तो कनेक्टरांचा बोर्ड) आठशे डॉलरच्या आसपास पडत होते.

"मामा, आई म्हणते मला लुटलं. तुम्ही आयुष्यभर पत्र्यात आहात, तुम्हीच सांगा."

मी भोसरी एमआयडीसीत शीट मेटलच्या शॉपमध्ये सव्वीस वर्षं आहे. पत्र्याची वस्तू हातात आली की आधी आतल्या कडेवरून अंगठा फिरवतो. तीन-चार हजारांच्या कॅबिनेटमध्ये असा अंगठा फिरवला तर रक्त येतं, कारण बर, म्हणजे कापताना कडेला राहिलेली धार, काढायला कोणाला वेळ नसतो. इथे कड गुळगुळीत होती. मग डिस्कच्या खाचा बघितल्या. एक डिस्क वर ओढली, पुन्हा सोडली. ना ट्रे, ना स्क्रू, आणि शेवटी कनेक्टरमध्ये बसल्याचा तो छोटा खट्ट आवाज. पंधराही खाचांत करून बघितलं. भाचा कंटाळला, मी नाही.

त्या आवाजाची किंमत मला माहीत आहे, कारण तो मिळवायला मी दोन महिने घालवलेत.

माझ्या घरी चार डिस्कची तयार पेटी होती. अण्णांच्या भजनी मंडळाच्या चारशेच्या वर कॅसेट आहेत, त्या मी संगणकावर उतरवतोय. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटला तासाला दोन जीबी होतात, म्हणजे नव्वद मिनिटांच्या कॅसेटला तीन. वॉरंटी संपून दोन महिने झाले आणि त्या पेटीचा बोर्ड गेला. सर्व्हिस सेंटरनं बोर्डाची किंमत सांगितली ती नव्या पेटीच्या निम्म्याहून जास्त. वर म्हणाले, त्यापेक्षा नवीनच घ्या. डिस्क धडधाकट होत्या. त्या काढून एका जुन्या पीसीला लावल्या, लिनक्स टाकलं, आणि सगळी भजनं जशीच्या तशी मिळाली. पण ती रात्र मी विसरलेलो नाही. मंडळातले निम्मे आवाज आता फक्त त्या रेकॉर्डिंगमध्येच उरलेत.

तेव्हा ठरवलं, पेटी आपणच करायची. शेठना विचारलं. ते म्हणाले, मशीन मोकळं असेल तेव्हा घ्या. आठ डिस्कचं डिझाइन केलं. प्रत्येक डिस्कसाठी एक यू आकाराचा ब्रॅकेट वाकवायचा आणि आठ ब्रॅकेट शेजारी शेजारी रिव्हेट करायचे. साडेतीन इंची डिस्कची जाडी २६.१ मिलिमीटर. कागदावर सगळं चोख होतं.

पहिल्या डिस्कला खट्ट झालं. दुसरीलाही. पाचवी जरा जोर लावून बसली. आठवी बसेचना, कनेक्टरच्या दोन मिलिमीटर बाजूला पडत होती. बेंडिंगला प्रत्येक ब्रॅकेटमागे पाव-अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतो, पत्रा थोडा परत उघडतो, त्यात पावडर कोटिंगचा थर दोन्ही अंगांना सत्तर-ऐंशी मायक्रॉन. एका ब्रॅकेटला हे चालतं. आठ ओळीनं लावले की चूक साठत जाते. हे मी नव्या पोरांना दरवर्षी फळ्यावर शिकवतो, आणि घरच्या कामात तेच विसरलो.

दुसऱ्या वेळी ब्रॅकेट रद्द केले. एकाच सपाट पत्र्यात कंगव्यासारख्या आठ खाचा लेसरनं कापल्या. दोन खाचांमधलं अंतर आता लेसर ठरवत होता, वाकवणारा हात नाही. तेव्हा कुठे आठवीला खट्ट झालं.

खर्च सांगतो. दोन्ही वेळचा मिळून सीआरसीए (कोल्ड रोल्ड स्टीलचा) पत्रा दीड हजाराच्या आत. लेसर, बेंडिंग, इन्सर्ट, पावडर, शॉपच्या दरानं लावलं तर साडेतेरा हजार. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेली जुनी बॅकप्लेन पाच हजारांची. म्हणजे वीस हजारांत झालं असं मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो. पण माझे सत्तर तास गेले होते. बाहेरचं गिऱ्हाईक आलं असतं तर डिझाइनचे आणि सेटिंगचे मिळून मी त्याला किती लावले असते? तो आकडा वहीत लिहिला तेव्हा बेरीज पासष्ट हजारांवर गेली. आणि माझी पेटी आठ डिस्कची, त्याची पंधराची.

म्हणून भाच्याला सांगितलं, तुला लुटलेलं नाही.

दुकानात स्वस्तात मिळणारं कॅबिनेट डायवर, म्हणजे पोलादी साच्यावर, ठोकलेलं असतं. डाय करायला लाखो रुपये लागतात, पण एकदा झाली की लाखभर नग पाडता येतात आणि एका नगावर तिचा भार चिल्लर येतो. घरात पंधरा डिस्क ठेवणारी माणसं जगात तेवढी नाहीत. कमी नगांचं काम लेसर आणि बेंडिंगवर होतं, तिथे प्रत्येक पेटी आपली मजुरी स्वतः वाहते. या कंपनीची मुळं हॅलिफॅक्सच्याच प्रांतात, नोव्हा स्कोशियातल्या सिडनी गावात आहेत, प्रोटोकेस नावाच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये, जिथे एक-दोन नगांचीही ऑर्डर घेतात. २००९ मध्ये अमेरिकेतल्या बॅकब्लेझ या ऑनलाइन बॅकअपच्या कंपनीनं आपल्या लाल रंगाच्या स्टोरेज पॉडचं डिझाइन सगळ्यांसाठी खुलं केलं. पंचेचाळीस डिस्क, ६७ टीबी, खर्च ७,८६७ डॉलर. ते पॉड प्रोटोकेस बनवायचे आणि त्या पंचेचाळीसवरूनच पुढे फॉर्टीफाइव्ह ड्राइव्ह्ज हे नाव आलं. पत्र्याच्या शॉपमधून सर्व्हर कंपनी उभी राहिली याचा मला, खरं सांगतो, अभिमान वाटतो. नात्याचा ना गोत्याचा, तरी वाटतो.

भाव रास्त आहे म्हणजे आपण घ्यावा असं मात्र नाही. एचएल१५ पुण्याला आणायचा हिशेब मी करून बघितला. कुरिअरवाले आकारमानावर वजन धरतात, मोठी पेटी म्हणजे आत निम्मी हवा असली तरी पैसे पूर्ण. सीमाशुल्क धरून लाखाच्या वर जात होतं, एकही डिस्क न घेता. आणि खरा खर्च पुढेच आहे. अशा साठवणीच्या पेट्यांसाठीच्या साध्या (नॅस) डिस्क, सीगेटची आयर्नवुल्फ काय किंवा वेस्टर्न डिजिटलची रेड प्लस काय, आठ खाचांपर्यंतच्या पेटीसाठी असतात. त्यापुढे कंपन वाढतं म्हणून प्रो मालिका घ्यायला सांगतात. पंधरा खाचा भरायच्या म्हणजे प्रत्येक डिस्क महागातली. माझ्या आठ डिस्कची पेटी ऐंशी वॅट खाते, महिन्याला सत्तावन्न-अठ्ठावन्न युनिट. बायको ते बिल माझ्यासमोर धरते, आणि तिचं बरोबर आहे. इथल्या एप्रिलमध्ये पंखे पूर्ण वेगात असूनही डिस्क पन्नास अंशांवर जातात. हॅलिफॅक्सच्या तळघराला हा प्रश्नच नाही.

माझा सगळा डेटा, भजनं, लग्नाच्या मिनीडीव्ही टेपा, फोटो, सहा टीबीत बसतो. चार डिस्क पुरतात. आठ खाचा केल्या त्या हौसेपोटी.

मला चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. पत्रा जाड आहे, कड गुळगुळीत आहे, पोरांना पगार मिळालाय, तर पैसे घ्या, मी देतो. पण विकल्यानंतर आत कोणती डिस्क लावायची हे विकणारा ठरवणार असेल तर ते पैसे मजुरीचे राहत नाहीत. तयार साठवण-पेट्या विकणाऱ्या सायनॉलॉजीनं २०२५ मध्ये तेच केलं होतं. (माझी बिघडलेली पेटी त्यांची नव्हती.) नव्या प्लस मालिकेत त्यांच्या यादीतल्याच डिस्क घ्या, नाहीतर नवं स्टोरेज पूलच, म्हणजे डिस्क जोडून होणारी साठवणीची जागाच, बनणार नाही. लोक खवळले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना ती अट बरीच सैल करावी लागली. साध्या, धडधाकट डिस्कला पेटीनं नाही म्हणायचं, याला तांत्रिक कारण मला तरी दिसलं नाही.

त्यामुळे आता कोणी विचारलं की मी किंमत नंतर बघतो. आधी विचारतो, पॉवर सप्लाय जळाला तर तो लॅमिंग्टन रोडला मिळेल का? बोर्ड गेला तर दुसरा कुठलाही बसेल का? पंखा पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळणाऱ्या मापाचा आहे का? एचएल१५ मध्ये साधा एटीएक्स (पीसीच्या नेहमीच्या मापाचा) बोर्ड आणि साधा एटीएक्स पॉवर सप्लाय बसतो. भाच्याच्या पेटीतला सप्लाय मी स्वतः काढून परत लावून बघितला. दहा मिनिटं लागली.

निघायच्या आदल्या दिवशी भाच्यानं त्याच्या दोन रिकाम्या खाचा मला दिल्या. तिथल्याच दुकानातून आठ टीबीच्या दोन डिस्क घेतल्या, एकीची प्रत दुसरीवर राहील अशा लावल्या. आता रोज रात्री अडीचला भोसरीच्या पेटीतून दिवसभरात उतरवलेलं तिकडे जातं, तेव्हा तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सहा, हिवाळ्यात पाच, वाजलेले असतात. काल एकशे एकोणनव्वदावी कॅसेट गेली. बाजू ब, काकड आरती, मृदंगाला जरा जास्तच जोर.