परवडतं का, विचारलंत म्हणून

बाल्कनीतल्या भाजीच्या कुंड्या दिसल्या की पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "एवढी खटपट करून परवडतं का हो?"

टोमॅटोचं विचाराल तर नाही. कुंडी, माती, खत, आधाराच्या काठ्या असा हिशेब मांडला तर पहिली दोन वर्षं आतबट्ट्याचाच व्यवहार. कोथिंबीर-पुदिन्याचं मात्र उलट आहे. आपल्याला लागतात चार काड्या, विकत मिळते अख्खी जुडी, आणि उरलेली फ्रीजमध्ये काळी पडते. कुंडीतल्या चार काड्या कात्रीने कापल्या की बाकीची जुडी मुळावर ताजीच उभी. घरच्या लागवडीत पैसे वाचतात ते असे, न फेकण्यातून.

मग टोमॅटो का लावते? चवीसाठी. लांब पाठवायचा टोमॅटो रंग फुटता फुटताच तोडतात. पुढे तो स्वतःच सोडलेल्या, फळ पिकवणाऱ्या इथिलीन वायूने लाल होतो खरा, पण तोडल्या क्षणापासून पानांकडून येणारी साखर बंद झालेली असते. वर आपण त्याला फ्रीजमध्ये टाकतो. साधारण १२ अंशांखाली त्याचा वास मरतो. मटार आणि मक्याची तर तोडल्यापासून घाईच असते, साखरेचा स्टार्च होत जातो. पालकातलं क जीवनसत्त्वही दिवसागणिक घटतं. दहा पावलांवरून तोडून आणलेल्या भाजीला हा प्रवासच नाही.

पहिल्या वर्षी माझ्या टोमॅटोला फुलं यायची आणि गळून पडायची. मला वाटलं, खत कमी पडतंय. आणखी घातलं. झाड जंगलासारखं माजलं, फळ एक नाही. चूक दुहेरी होती. खतातल्या जास्त नत्राने (नायट्रोजनने) नुसता पाला वाढतो. आणि टोमॅटोचे पराग एका पिवळ्या नळीच्या आत असतात, ते सुटायला फूल थरथरावं लागतं. बाहेर वारा किंवा गुणगुणणाऱ्या रानमाश्या ते काम करतात. माझ्या बंदिस्त बाल्कनीत दोन्ही नव्हतं. मग दुपारी, हवा कोरडी असताना, जुना बॅटरीचा टूथब्रश देठाच्या मागे टेकवला. क्षणभर पिवळी धूळ उडाली. काही दिवसांनी फुलाच्या सुकल्या पाकळ्यांतून मोहरीएवढा हिरवा मणी डोकावला. घरातल्या सगळ्यांना ओढून आणून दाखवला. कौतुक मला एकटीलाच होतं.

"औषध न मारलेली भाजी" हा फायदा सगळे सांगतात. तो खरा आहे, पण मग मावा, म्हणजे पानांमागची बारीक कीड, आपल्यालाच काढावा लागतो: पान उलटायचं, पाण्याचा जोराचा फवारा मारायचा, उरलेला बोटांनी चिरडायचा. दर दोन दिवसांनी. आणि घरचं म्हणजे आपोआप शुद्ध असंही नाही. जुन्या घराच्या भिंतीलगतची माती कुंडीत भरू नका. जुन्या रंगांत शिसं असायचं, आणि पोपडे गळून ते मातीत साठतं.

स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवून खत होतं, हेही आहेच. सुका पाला मात्र हात सैल सोडून घाला, नाहीतर शेजारी वासाची तक्रार घेऊन येतील.

सुरुवात करायची तर आधी खत-बियाणं आणू नका, ऊन मोजा. दिवसाचे सहा तास थेट ऊन नसेल तर टोमॅटो, मिरची, वांग्याचा नाद सोडा. तीन-चार तासांत पालेभाज्या होतात. धणे हलके दाबून दोन फाकी करा, प्रत्येकीत एक बी असतं. अर्धा इंच खोल पेरा. आठ-दहा दिवस वर काहीही दिसत नाही. तेवढ्यात उकरून बघायचं नसतं.

मी अजूनही बघते.