एकाच थप्पीत दोन काळे

डिस्चार्ज म्हणजे शाई न चढवता कापडाचाच रंग उडवणारी छपाई. ती छापताना काळ्या टी-शर्टवर ओली छपाई जवळजवळ दिसतच नाही. पाणी सांडल्यासारखा एक डाग, बस. कापडाचा रंग उडतो तो नंतर, क्युअरिंग मशिनच्या उष्णतेत. म्हणूनच एप्रिलमधल्या त्या सकाळी, भोसरीच्या शेडमध्ये, ४८ शर्ट छापून होईपर्यंत गडबड कुणाच्या लक्षात आली नाही. पट्ट्यावरून शर्ट बाहेर येऊ लागले. पहिला जुन्या हाडासारखा पिवळट, अगदी हवा तसा. दुसराही तसाच. तिसरा मात्र मळकट तपकिरी निघाला आणि थोड्याच वेळात, डोळ्यांदेखत, पुन्हा काळवंडला. ४८ पैकी १४ शर्ट असे निघाले.

ऑर्डर एका रायडिंग ग्रुपची होती. २४० राउंड नेक, १८० जीएसएम (चौरस मीटरला १८० ग्रॅम) वजनाचे, शंभर टक्के सुती. चित्रात मोटरसायकलवर बसलेला, हॅट घातलेला सांगाडा आणि वर कमानीत ‘बंडखोर’. अक्षरं जुन्या ‘वॉन्टेड’ पोस्टरांच्या लाकडी टायपासारखी हवी होती. शर्ट नवा असला तरी वीस वर्षं वापरल्यासारखा दिसावा आणि छपाई हाताला जाणवू नये, अशी त्यांची अट. ती अट ऐकली की पद्धत आपोआप ठरते. प्लॅस्टिसॉल ही प्लास्टिकसारखी शाई किंवा ‘खादी’ ही झाकणारी पेस्ट (कापड नव्हे) कापडावर थर देते. डिस्चार्जमध्ये थर नसतोच, कापडाचा रंगच काढून घेतला जातो.

आमचं प्रमाण साधं आहे: १ किलो बेसला, म्हणजे मूळ पेस्टला, ६० ग्रॅम डिस्चार्ज पावडर, म्हणजे झिंक फॉर्माल्डिहाइड सल्फॉक्सिलेट. पावडर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायची, नाहीतर कणांच्या जागी ठिपके उठतात. मिसळलेला माल काही तासच कामाचा राहतो, उन्हाळ्यात आणखी कमी, म्हणून एका वेळी एकच किलो. छपाईच्या जाळीचा मेश ६१टी, म्हणजे सेंटिमीटरला ६१ धागे. जाळीवर चित्राबाहेरचा भाग बंद करणारं इमल्शन पाण्याला टिकणारंच हवं, साधं असेल तर ते दुपारपर्यंत मऊ पडून बारीक भोकं पडतात. कोरड्या हवेत पेस्ट जाळीतच सुकते. त्यामुळे प्रत्येक छपाईनंतर फ्रेमवर पेस्टचा थर ओढून ठेवायचा आणि अधूनमधून पाण्याचा हलका फवारा मारायचा. क्युअरिंग १६० अंशांना सुमारे दोन मिनिटं, भरपूर हवा खेळती ठेवून. वाफेत फॉर्माल्डिहाइड असतं. एक्झॉस्ट बंद असेल तर हे काम करूच नये, हे मी हात जोडून सांगतो.

यातलं सगळं त्या दिवशी बरोबर होतं. पेस्ट एकाच डब्यातली, मशिनचं तापमानही तेच. मग वाकडं कुठे गेलं? शर्ट बाहेर उन्हात नेले तेव्हा दिसलं. ट्यूबलाइटखाली सारखे वाटणारे दोन काळे होते: एकात निळसर झाक, दुसऱ्यात हिरवट. विक्रेत्याने दोन लॉट एका थप्पीत बांधले होते. निळसर लॉट रिअॅक्टिव्ह रंगाचा होता, तो डिस्चार्जला उडतो. दुसऱ्याचं वागणं पाहता तो सल्फर ब्लॅकच असणार, काळ्यासाठी स्वस्त पडणारा रंग. सल्फर रंग कापडावर चढवतानाच आधी क्षपण (ऑक्सिडेशनच्या उलट क्रिया) करून विरघळवतात आणि नंतर हवेने पुन्हा पक्का करतात. आमची पावडरही क्षपणच करते. म्हणजे तो रंग मशिनमध्ये थोडा सैल झाला आणि बाहेर हवा लागताच परत बसला.

उरलेले १९२ शर्ट नजरेने वेगळे करणं धोक्याचं होतं. प्रत्येकाची परीक्षा घेतली. खालच्या शिवणीच्या आतल्या दुमडीवर कानकाडीने पेस्टचा ठिपका द्यायचा आणि त्यावर वाफेची इस्त्री अर्धा मिनिट धरायची. ठिपका बाहेरच्या बाजूने फुटू नये म्हणून दुमडीत पुठ्ठ्याची पट्टी घालायची. निकाल पाच मिनिटांनी बघायचा, लगेच नाही, कारण फसवा काळा लगेच फिकाच दिसतो. दोन इस्त्र्यांवर दोन तास गेले. १२४ शर्ट उडणारे, ६८ न उडणारे.

त्या ६८ शर्टांसाठी खादी वापरली, पण नेहमीसारखी नाही. काळ्यावर पांढरं उठावं म्हणून एक हात मारून, फ्लॅशने, म्हणजे वरून उष्णता देणाऱ्या यंत्राने, सुकवून दुसरा हात मारतात. आम्ही पांढऱ्या खादीत गेरूसारखा पिवळा आणि कणभर तपकिरी मिसळून डिस्चार्जच्या छटेशी रंग जुळवला आणि एकच हात मारला. खालचा काळा थोडा डोकावतो तेव्हाच छपाई झिजलेली वाटते. शेजारी ठेवले तर फरक बोटाला कळत होता, डोळ्यांना फारसा नाही. ग्राहकाला दोन्ही नमुने हातात देऊन, फरक सांगून होकार घेतला. बिघडलेल्या १४ शर्टांवर पुन्हा छापलं नाही, त्यांच्या जागी नवे घेतले. क्युअर झालेल्या छपाईवर दुसरी छपाई दोन मिलिमीटर जरी सरकली तरी चित्राला भुताटकीसारखी कडा येते.

चित्राचं काम मात्र आदल्या आठवड्यात झालं होतं, आणि तिथे देवनागरीने चांगलं अडवलं. झिजकट पोत तयार मिळतो तो रोमन अक्षरांच्या हिशेबाने. तो ‘बंडखोर’वर टाकला तर अनुस्वार गायब होतो आणि ‘ख’चा खालचा दुवा तुटून ‘रव’ होतो. शब्द ‘बडरवोर’ असा वाचला जातो. म्हणून अनुस्वार, तो दुवा आणि शिरोरेषेचे सांधे पोतातून वगळले आणि झीज जाड उभ्या दांड्यांच्या पोटात दिली. लाकडी टायपाच्या रुंद पृष्ठभागावर शाई मध्येच कमी बसते, तिथेच झीज खरी वाटते. सांगाड्यावर मात्र धुण्याची झीज: आडवी, बारीक, पोटाच्या घडीच्या दिशेने. ०.३ मिलिमीटरपेक्षा लहान ठिपके काढून टाकले, कारण पेस्ट कापडात पसरून ते बुजवते.

मूळ चित्रात चौकटीत ‘१%’ आणि कवटीला पंख होते. दोन्ही काढायला लावले. ती टक्क्याची खूण अमेरिकेतले स्वतःला कायद्याबाहेरचे म्हणवणारे बाइकर क्लब लावतात, ती कमवावी लागते. आणि १९४८ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या हेल्स एंजल्स या बाइकर क्लबने पंखवाल्या कवटीवरून २०१० मध्ये एका बड्या फॅशन कंपनीवर दावा लावला होता. पंखांऐवजी हॅट मोठी केली. चित्र उलट जास्त दमदार झालं.

छापून झाल्यावर सगळे शर्ट एकदा धुवून, वाळवून दिले. डिस्चार्जचा उरलेला अंश आणि वास धुण्यानेच जातो, आणि पहिल्या धुण्यानंतरच छपाईचा खरा रंग दिसतो. आता नवा गठ्ठा आला की छपाईला घेण्याआधी उन्हात उघडतो आणि प्रत्येक साइझच्या दोन शर्टांच्या दुमडीत ठिपका देतो.